बंदराला लागलेलं रेशन आणि ठाण्यावर पोचलेलं रेशन

प्रश्न असा आला आहे: 'माझा भाचा पायदळात कॅप्टन आहे. त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला चालली आहे आणि त्याला क्वार्टरमास्टर, म्हणजे पलटणीची रसद सांभाळणारा अधिकारी, नेमलंय. इतक्या लांब शेकडो माणसांना जेवण, पाणी, डिझेल, सुटे भाग कोण पुरवतं? सगळं भारतातून नेतात का? आणि यात खरं अवघड काय असतं?'

मी एएससीत, म्हणजे सैन्याच्या पुरवठा खात्यात, २६ वर्षं काढली. त्यातलं एक वर्ष दक्षिण सुदानच्या जोंगलेई प्रांतात, भारतीय बटालियनच्या रसदीवर. म्हणून हे उत्तर जरा मोठं होणार आहे. तुमच्या भाच्याला जसंच्या तसं वाचायला द्या.

आधी 'कोण पुरवतं' ते सांगतो. आटा, तांदूळ, डाळ, भाजी, मटण, चिकन आणि डिझेल-पेट्रोल संयुक्त राष्ट्रं देतात, आपल्या ठेकेदारांमार्फत. पाण्याची मूळ जबाबदारीही त्यांचीच. आपण न्यायचं ते म्हणजे गाड्या, जनरेटर, तंबू, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकी, पाणी शुद्ध करायचे प्लांट, दवाखाना, वायरलेस, दारूगोळा आणि हे सगळं चालतं ठेवणारी माणसं. कोणी काय द्यायचं याचा करार भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात होतो. गाड्या आणि यंत्रं बहुधा 'वेट लीज'वर जातात. आमच्या वऱ्हाडात शेतकरी ट्रॅक्टर भाड्यानं देतो तेव्हा ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची आणि डिझेल घेणाऱ्याचं, तसंच हे. 'ड्राय लीज'मध्ये नुसतं यंत्र द्यायचं, देखभाल दुसऱ्याकडे. वेट लीजमध्ये प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक जनरेटरमागे महिन्याचा ठरलेला दर देशाला मिळतो. पण दर तीन महिन्यांनी त्यांचे निरीक्षक येतात, प्रत्येक गाडी चालू करून बघतात. एका प्रकारच्या गाड्यांपैकी ९० टक्के चालू नसतील तर पैसे कापले जातात. गाडी का उभी आहे, सुटा भाग कुठल्या बंदरात अडकलाय, हे कोणी विचारत नाही. चालू आहे की नाही, एवढंच लिहितात.

आता अवघड काय, ते. यासाठी मला शंभर वर्षं मागे जावं लागेल, आणि ती गोष्ट आपल्या घरची आहे.

१९१५ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली पुण्याची ६ वी डिव्हिजन तुर्कांशी लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. रसद मुंबईहून बसऱ्याला जात होती. मुंबईत मालाची टंचाई नव्हती, समुद्रातही फारशी अडचण नव्हती. अडलं ते बसऱ्यात. तिथे मोठ्या जहाजांना लागायला धड धक्के नव्हते, जहाजं माल उतरवायची वाट बघत आठवडेच्या आठवडे उभी राहत. पुढे रस्ता नाही, रेल्वे नाही, फक्त टायग्रिस नदी. त्या उथळ नदीत चालतील अशा बोटी गरजेच्या मानानं फारच थोड्या. फौज नदीनं वर वर जात राहिली आणि बोटींची संख्या तिच्यामागे वाढली नाही. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात वेढली गेली. सोडवायला निघालेल्या फौजेलाही त्याच अपुऱ्या बोटींवर जगायचं होतं. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून पोती टाकून बघितली. लष्करी इतिहासात वेढ्यातल्या फौजेला विमानानं अन्न टाकण्याचा तो पहिलाच मोठा प्रयत्न, पण त्या वेळच्या विमानांची उचलायची ताकद ती केवढी. शेवटी 'जुल्नार' नावाच्या बोटीत २७० टन रसद भरून तिला रात्रीची वर पाठवली. ती वाटेतच अडकून तुर्कांच्या हाती लागली. २९ एप्रिलला सुमारे १३ हजार माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढे १९१७ मध्ये चौकशी आयोगानं या मोहिमेच्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले.

या गोष्टीतून मी माझ्यापुरतं एक सूत्र काढलं आणि नोकरीभर त्यावर चाललो: बंदराला किती टन लागलं ते मोजू नका, सगळ्यात अरुंद जागेतून दिवसाला किती टन पुढे सरकतं ते मोजा. बसऱ्यात ती जागा नदीतल्या बोटी होत्या. दक्षिण सुदानमध्ये ती काळी माती आणि हेलिकॉप्टर आहे.

नकाशा समोर घ्या. आमचं जड सामान मुंबईहून जहाजानं केनियाच्या मोंबासा बंदरात. तिथून ट्रकनं केनिया, युगांडा ओलांडून दक्षिण सुदानच्या सीमेवरच्या निमुले नाक्यावर आणि पुढे राजधानी जुबाला, एकूण सुमारे १,७०० किलोमीटर. निमुले ते जुबा हा १९२ किलोमीटरचा रस्ता २०१२ मध्ये डांबरी झाला, त्यामुळे जुबापर्यंत बरं चाललं होतं. खरा प्रश्न जुबाच्या पुढे. बोर, पिबोर, अकोबो, मलाकाल ही नावं भाच्याला पाठ होतील. त्या काळात या बाजूला डांबरी रस्ता नव्हताच. आणि जमीन कोणती, तर आपली काळी कापसाची जमीन! मी पहिल्यांदा बोरला उतरलो तो मार्च महिना होता. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मला वाटलं अकोल्यातल्या आमच्या शेतातच उभा आहे. बाकीच्या अधिकाऱ्यांना तो रस्ता पक्का वाटत होता. पाऊस पडल्यावर या मातीचं काय होतं ते मला लहानपणापासून ठाऊक होतं: फुगते, भेगा मिटतात आणि चाकाला चिकटून चाकच मोठं होत जातं. दहा टनी ट्रक एक्सलपर्यंत बसला की त्याला ओढायला गेलेली रिकव्हरी गाडीही बसते.

पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष रस्ता नाही असं समजूनच चालायचं. लडाखमध्ये काम केलेल्या माणसाला यात नवल नाही. झोजिला खिंड बंद व्हायच्या आत हिवाळ्याचं सगळं वर चढवायचं, याला आपण विंटर स्टॉकिंग म्हणतो. इथे तेच उलट्या मोसमात करायचं: पावसाच्या आत. डिसेंबर ते एप्रिल हे सोन्याचे महिने. त्या दिवसांत एकही ताफा अर्धा रिकामा जाऊ देऊ नका. 'पुढच्या फेरीला पाठवू' हे वाक्य एप्रिलमध्ये कोणी उच्चारलं तर त्याला कॅलेंडर दाखवा.

पाऊस सुरू झाला की उरतात श्वेत नाईलवरचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, आणि एमआय-८ जातीची हेलिकॉप्टर. बार्ज भरपूर उचलतात, पण मलाकालकडे जायला त्यांना दिवसच्या दिवस लागतात, बरोबर सशस्त्र बंदोबस्त लागतो आणि ते नदीकाठच्याच ठाण्यांना उपयोगी. आतल्या ठाण्याला हेलिकॉप्टर. कागदावर ते ४ टन उचलतं. दुपारचं ऊन, लांब पल्ला आणि परतीचं इंधन धरलं की मी हिशोबात २ टनच धरायचो.

आता माझ्या वहीतलं एक ढोबळ गणित देतो, कारण सगळं यातच आहे. १२० माणसांचं एक आतलं ठाणं. अन्न, खोक्यांसकट, माणशी २ किलो, म्हणजे रोज २४० किलो. डिझेल: जनरेटरला तासाला १० लिटर धरले तर २४० लिटर, गस्तीच्या गाड्यांना दीडशे, मिळून ३९० लिटर, वजनात सव्वातीनशे किलोच्या पुढे. आणि पाणी: पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, दवाखाना मिळून माणशी फक्त ६० लिटर धरा. रोजचे ७,२०० लिटर, म्हणजे सात टनांच्या वर! हेलिकॉप्टरनं आणायचं तर नुसत्या पाण्याला रोज चार फेऱ्या. म्हणजे अशक्य.

लोकांना वाटतं सैन्याचं ओझं म्हणजे अन्न. अन्न सगळ्यात हलकं असतं. जड असतं पाणी, मग डिझेल. म्हणून ठाण्याची जागा निवडायला जी तुकडी जाते तिच्यात क्वार्टरमास्टरनं हट्टानं जावं आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. बोअर लागते का, किती खोल, उन्हाळ्यात किती देते. नदी असेल तर गढूळपणा किती. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं येतं आणि प्लांटचे फिल्टर महिन्याऐवजी आठवड्यात तुंबतात. ज्या ठाण्याजवळ पाणी आहे तिथे तुरटी, क्लोरीन आणि फिल्टर एवढंच न्यायचं असतं. ज्या ठाण्याजवळ पाणी नाही ते ठाणं कितीही मोक्याच्या टेकाडावर असो, पावसाळ्यात ते तुमच्या सगळ्या फेऱ्या पिऊन टाकतं.

डिझेलबद्दल एक सवय सांगतो. आमच्याकडे एक हवालदार होता, पीओएलचं, म्हणजे इंधन-तेलाचं, काम बघायचा. रोज पहाटे, टाकीवर ऊन पडायच्या आत, तो मोजपट्टीच्या टोकाला पाणी शोधणारी तपकिरी पेस्ट बोटानं चोळायचा आणि पट्टी टाकीत तळाला टेकेपर्यंत सोडायचा. दहा-पंधरा सेकंद थांबून वर काढायचा. डिझेल जिथवर असेल तिथवर पट्टी ओली, आणि खाली पाणी असेल तेवढ्या भागात पेस्ट लालभडक. दमट रात्री टाकीच्या आतल्या बाजूला बाष्प धरतं आणि तळाशी पाणी साठतं, झाकणाचं रबर गेलं असेल तर पावसाचंही. एका पहाटे तो पट्टी घेऊन तसाच माझ्या तंबूशी आला. बोलला काहीच नाही, पट्टी पुढे केली. चार बोटं लाल होती. त्या टाकीवर दोन्ही जनरेटर चालत होते, म्हणजे शीतगृह, वायरलेस, ऑपरेशन थिएटर, सगळं. जनरेटर दुसऱ्या टाकीवर घेतले, ही टाकी दिवसभर हलू न देता खालच्या नळानं पाणी काढलं. ती पट्टी त्या दिवशी टाकीत उतरली नसती, तर दुपारपर्यंत इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, गेले असते आणि आमच्याकडे जास्तीचे दोनच होते.

जेवणाचं आता. संयुक्त राष्ट्रांचं प्रमाण माणशी दिवसाला ४,५०० कॅलरी. ते भरपूर आहे. २८ दिवसांचा मेन्यू ठरवून मागणी कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. माल ठेकेदार शीतट्रकनं किंवा विमानानं आणतो. इथे एक गोष्ट काळजीनं सांगतो. आपल्या जवानाला आटा, डाळ आणि तांदूळ मागणं म्हणजे लाड नव्हेत. कुतच्या वेढ्यात घोडे कापून मांस वाटायची वेळ आली तेव्हा बऱ्याच भारतीय शिपायांनी ते खाल्लं नाही. धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवली, तरी गावी गेल्यावर वाळीत टाकतील ही भीती होती. त्यांना मोठ्या प्रमाणात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला. गंमत नव्हे, वैद्यकशास्त्राचा धडा म्हणून हेही लक्षात ठेवा की मैद्याच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला आणि आटा-डाळ खाणाऱ्या भारतीयांची त्यातून सुटका झाली. माणूस काय खातो हे त्याच्या वरिष्ठांच्या सोयीनं बदलत नाही. म्हणून मेन्यू पाठवण्याआधी लंगरात, म्हणजे जवानांच्या भोजनघरात, बसून, शाकाहारी किती, कोण काय खात नाही, हे नावानिशी लिहून घ्या. आणि लिंबं मागवा. ताजी भाजी चुकली तरी लिंबू टिकतं.

माल घेताना सही कोणाची आहे ते विसरू नका. एकदा आमच्याकडे जवळपास दोन टन गोठवलेलं चिकन आलं. ट्रकचा तापमापक उणे १८ दाखवत होता, कागदही बरोबर होते. आमचे सुभेदार साहेब वीस वर्षं रेशन उचलत आलेले. त्यांनी ढिगाच्या खालचं एक खोकं ओढून काढलं आणि उलटं केलं. पुठ्ठ्याचा तळ फुगून पुन्हा कडक झालेला, आत कोपऱ्यात गुलाबी बर्फाची वडी. म्हणजे वाटेत कुठेतरी शीतयंत्र बंद पडलं होतं, चिकन विरघळलं होतं आणि नंतर परत गोठवलं होतं. ठेकेदाराचा माणूस तापमापकाकडे बोट दाखवत राहिला. मी माल नाकारला. चार दिवस सगळी पलटण डाळ, बटाटा आणि सुक्या वाटाण्यावर होती आणि जवानांची कुरकुर माझ्या कानावर येत होती. मला ते मान्य होतं. त्या हवेत चारशे माणसांना एकाच रात्री जुलाब लागले असते तर गस्तीला कोण जाणार होतं? नाकारायचा अधिकार सही करण्याआधी एक मिनिटपर्यंत असतो, नंतर नसतो.

राखीव साठा किती असावा याचे आकडे आदेशात मिळतील. मी एवढंच म्हणेन की राखीव अन्नाची तारीख आणि पावसाळ्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. ऑगस्टमध्ये मुदत संपणारी डबाबंद खोकी जूनमध्ये आतल्या ठाण्यावर ठेवण्यात काय हशील? पोती जमिनीला टेकू देऊ नका, खाली लाकडी फळ्या घाला, भिंतीपासून हातभर लांब ठेवा म्हणजे मागून उंदराची वाट दिसते.

सुट्या भागांवर मात्र मन लावून वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त त्रास होतो. अन्न आणि डिझेल तिथलं, पण गाडी भारताची, म्हणजे तिचा पट्टा, फिल्टर, क्लचप्लेट, स्टार्टर भारतातूनच यायचा. जहाजाचा प्रवास थोडा. त्यापुढे बंदरातली जकात माफीची कागदपत्रं, तीन देशांचे नाके, मग जुबाच्या गोदामात आपलं खोकं ओळखून पुढच्या फेरीला लावणं. काहीशे रुपयांच्या पट्ट्यासाठी लाखोंची गाडी दोन-दोन महिने उभी राहिलेली मी पाहिली आहे. यावर उपाय निघण्याआधीच करावा लागतो. मागच्या पलटणीच्या ईएमईच्या, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती खात्याच्या, फिटरला फोन करा, अधिकाऱ्याला नव्हे. त्याला विचारा, वर्षभरात काय काय मोडलं? त्याच्या तोंडून जी यादी येईल ती कारखान्याच्या शिफारशीपेक्षा खरी असते. कारखाना जयपूरच्या डांबरी रस्त्यावरचा हिशोब देतो, फिटर बोरच्या चिखलातला. आणि प्रत्येक खोक्याच्या चार बाजूंना आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत पलटणीचं नाव आणि आतला माल लिहा. आम्ही एकाच बाजूला लिहिलं होतं. जुबाच्या गोदामात नेमकी तीच बाजू भिंतीकडे गेली आणि टायर तीन आठवडे दोनशे पावलांवर पडून राहिले.

आता ज्यावर लिहायला हात जड होतो ते. रसद नेणं हेच तिथलं धोक्याचं काम आहे. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेईत गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर घात लावून हल्ला झाला. ताफ्याच्या रक्षणाला असलेले आपले पाच जवान गेले, त्यात लेफ्टनंट कर्नल महिपाल सिंग होते. बरोबरचे सात नागरिकही गेले. त्याच्या चार महिने आधी जोंगलेईतच संयुक्त राष्ट्रांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, चार रशियन कर्मचारी गेले. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबोच्या लहानशा ठाण्यावर सशस्त्र जमाव चालून आला, तिथे आपले दोन सैनिक हुतात्मा झाले. म्हणून तुमच्या भाच्यानं मागणीपत्रावरच्या प्रत्येक ओळीकडे बघताना एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: ही वस्तू नेण्यासाठी मी माणसं रस्त्यावर पाठवू का? जे ठाण्यावरच पिकवता, शुद्ध करता, दुरुस्त करता येईल त्यासाठी ताफा काढू नये. पाण्याचा एक चालू प्लांट म्हणजे रस्त्यावरचे कित्येक टँकर कमी, आणि टँकरमागच्या गाड्यांतले जवानही.

त्याच डिसेंबरमध्ये यादवी पेटली आणि दोन गोष्टी घडल्या, ज्या कुठल्याही पुरवठा आराखड्यात नव्हत्या. एक, हजारो नागरिक जीव वाचवायला जुबा, बोर, मलाकालच्या तळांच्या कुंपणाआत आले. जे पाणी एका पलटणीसाठी मोजलेलं होतं त्यावर लहान मुलं, बाळंतिणी, जखमी आले. दुसरी, बोरला असलेल्या दक्षिण कोरियाच्या इंजिनियर तुकडीकडे गोळ्या कमी पडायची वेळ आली, आणि जपानच्या तुकडीनं संयुक्त राष्ट्रांमार्फत त्यांना १०,००० गोळ्या दिल्या. जपानला त्यासाठी मंत्रिमंडळाचा निर्णय घ्यावा लागला, कारण परदेशी सैन्याला दारूगोळा देणं त्यांच्या धोरणात बसत नव्हतं. शेजारच्या तुकडीची काडतुसं आपल्या रायफलीत चालतात का, त्यांची पाण्याची पाइप आपल्या टाकीला बसते का, त्यांचा डॉक्टर कोणत्या गटाचं रक्त ठेवतो, हे शांततेच्या दिवसांत चहा पीत विचारून ठेवायचं असतं.

शेवटचं, हँडओव्हर. जुनी पलटण जाते, नवी येते, मधले आठ-दहा दिवस घाईचे असतात. निघणाऱ्यांचं मन घरी लागलेलं असतं. त्या दिवसांत भाच्यानं वहीतले आकडे बघून सही करू नये. प्रत्येक टाकीत स्वतः पट्टी घालावी, प्रत्येक जनरेटर तासभर भार देऊन चालवावा, राखीव खोक्यांतली मागच्या रांगेतली चार उघडून बघावीत. आमच्या त्या हवालदारानं नव्या पलटणीच्या पोराला तीन पहाटे बरोबर उभं करून पट्टी धरायला शिकवलं, आणि चौथ्या पहाटे स्वतः लांब उभा राहिला. पोरानं पट्टी काढून उजेडात धरली, टोकाकडे बघितलं आणि म्हणाला, 'कोरडी आहे, साहेब.' मग आम्ही सही केली.